झूम एच१एन आणि एच१एसेन्शियल : गल्लीतल्या गप्पा टिपण्यासाठी कोणता घ्यावा?

कोल्हापूरच्या सुभाषनगरात एखाद्या चप्पल कारागिराच्या घरी गप्पा रेकॉर्ड करायला बसलं, की रेकॉर्डर आपोआप घरच्या कर्त्या पुरुषासमोर ठेवला जातो. तळ तो कापत असतो, गिऱ्हाइकाशी तोच बोलतो, पाहुण्यांना उत्तरंही तोच देतो. भिंतीला टेकून चपलेची वेणी घालणारी बाई मधूनच एखादं वाक्य टाकते, “तसं न्हवं, आदी भिजवाय लागतंय.” नंतर ऐकायला बसलं की त्या कर्त्या मामांचा आवाज खणखणीत येतो आणि ते वाक्य पंख्याच्या घरघरीत बुडालेलं असतं. कसबाची खरी गोम त्या वाक्यात होती.

हा दोष बसण्याच्या रीतीचा, तसाच यंत्राच्या घडणीचाही. झूम कंपनीच्या या खिशात मावणाऱ्या दोन्ही रेकॉर्डरांवर दोन छोटे माइक एकमेकांशी ९० अंशांचा कोन करून, फुलीसारखे बसवलेले आहेत. दोन्ही माइक एकदिशा. समोरचा आवाज ते नीट घेतात, पाठीमागचा दाबतात. मागून आलेल्या बोलण्यातली ‘स’, ‘च’, ‘त’ ही अक्षरं आधी पुसट होतात आणि शब्द ओळखू येईनासा होतो. म्हणजे रेकॉर्डर ज्याच्याकडे तोंड करून ठेवला, इतिहास त्याच्या नावावर चढतो. हे परीक्षण या एकाच बाजूने केलं आहे. संगीताच्या मुद्रणासाठी ही यंत्रं कशी, हा वेगळा विषय. इथे प्रश्न एवढाच : पुस्तकांत न आलेल्या माणसांच्या गप्पा टिपायच्या, त्यातला तुकडा चारचौघांत ऐकवायचा आणि त्यावर पुन्हा बोलणं घडवायचं, या कामाला ती कितपत उतरतात?

कोल्हापुरात या कामाची गरज का आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, ही गोष्ट शहरात सगळ्यांना माहीत आहे. ती टिकली, कारण तिच्यात महाराज आहेत. ज्या गोष्टीत महाराज येत नाहीत, ती घरातच राहते आणि आज्जीबरोबर जाते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात तशाच चपला दिसल्यावर देशभर चर्चा झाली. दोन्ही वेळा बोललं गेलं ते चपलेबद्दल. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे त्याला कुणी फारसं विचारलं नाही.

दोन यंत्रं, फरक एकच पण मोठा

एच१एन २०१८ साली आला. सेल न घालता वजन ६० ग्रॅम. दोन ‘एएए’ सेल लागतात, अल्कलाइन सेलवर साधारण १० तास चालतो. कार्ड मायक्रो एसडी, ३२ जीबीपर्यंत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झच्या वेव्ह फाइलला तासाला सुमारे १ जीबी जागा लागते, म्हणजे भरलेल्या कार्डात तीसेक तास बसतात. पुढे गेनचं, म्हणजे माइकने आवाज किती उचलायचा ते ठरवणारं चाक आहे, ० ते १०. बाहेरचा माइक लावायला ३.५ मिमीचं भोक, पाठीला तिपाईचा पाव इंची आटा. आतला छोटा स्पीकर आवाज आला की नाही एवढं तपासून बघायला ठीक, चार माणसांना ऐकवायला नाही.

एच१एसेन्शियल २०२४ मध्ये आला. माइकांची रचना तीच, सेल तेच. यूएसबी-सी आलं, कार्ड १ टीबीपर्यंत चालतं, मेनू बोलून सांगण्याची सोय आली. दृष्टी अधू असलेल्या कार्यकर्त्याला ती फार कामाची आहे. पण मुख्य फरक ३२ बिट फ्लोटचा. यात गेनचं चाकच नाही. फाइलमध्ये आवाजाची पातळी मांडायला इतकी ऐसपैस जागा असते, की जोराचा आवाज फाइलमध्ये चिरला जात नाही आणि हळू आवाज नंतर वाढवता येतो. त्याची किंमत जागेत मोजावी लागते : ४८ किलोहर्ट्‌झला तासाला सुमारे १.४ जीबी.

ध्वनीची माहिती असलेला माणूस मंडळात नसेल, तर डोळे झाकून एसेन्शियल घ्यावा. सामाजिक गप्पांत सर्वांत जास्त नुकसान गेनच्या चाकाने होतं. माणूस सुरुवातीला लाजत, खालच्या आवाजात बोलतो, म्हणून चाक वर नेलं जातं. अर्ध्या तासाने तो पाणवठ्यावरच्या अपमानाची गोष्ट सांगायला लागतो, आवाज चढतो आणि नेमका तोच भाग फाटतो. फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. फ्लोटमध्ये हा धोका जवळजवळ संपतो.

फ्लोटबद्दल एक गैरसमज मात्र पसरलेला आहे. त्याने लांबचा आवाज जवळ येत नाही. रेकॉर्डर दोन मीटरवर ठेवला तर आवाज वाढवता येईल, पण त्याच्याबरोबर पंखा, रस्ता आणि भिंतीवरून परतलेला घुमाराही तेवढाच वाढेल. शिवाय माइकची स्वतःची मर्यादा १२० डेसिबलची आहे. कानाशी हलगी कडाडली तर माइकच हबकतो, तिथे फ्लोट काही करू शकत नाही. आणि फाइल उघडल्यावर आवाज कधीकधी इतका बारीक दिसतो की नवखा माणूस रेकॉर्डिंगच झालं नाही असं समजून ती पुसून टाकतो. आधी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पातळी वाढवावी, मग ठरवावं.

एच१एन आधीच हाताशी असेल तर तो टाकून देण्याचं कारण नाही. नीट लावला तर बोलण्यासाठी तो आजही पुरेसा आहे.

एच१एनची मांडणी

कार्ड संगणकात नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करावं. तारीख-वेळ आधी तपासावी. सेल बरेच दिवस काढून ठेवले तर घड्याळ पुसलं जातं आणि सगळ्या फाइलींवर चुकीची तारीख पडते. दोन वर्षांनी कुठली बैठक आधीची आणि कुठली नंतरची, हे लावता येत नाही. मेनूत सेलचा प्रकार निवडायचा असतो. चार्ज होणारे निकेलचे सेल घालून तिथे ‘अल्कलाइन’ ठेवलं तर उरलेल्या बॅटरीचा अंदाज चुकतो. रेकॉर्डिंग चालू असताना सेल संपला किंवा कार्ड ओढलं गेलं, तर फाइल नीट बंद होत नाही आणि पुढे उघडताना अडते. लांबलचक बैठकीला यूएसबीवरून पॉवर बँक जोडावी आणि सेलही आत ठेवावेत.

फॉरमॅट वेव्ह, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. जागा वाचवण्यासाठी एमपी३ वर मूळ मुद्रण करू नये. एमपी३ नंतर कधीही करता येते, उलट करता येत नाही. लो कट, म्हणजे खालचे खर्जातले आवाज कापणारी सोय, ८० हर्ट्‌झवर. आपल्याकडच्या विजेची घरघर ५० हर्ट्‌झची आणि पंख्याची धडधड बरीचशी त्याखालची असते. ८० ला कापलं तर पुरुषाच्या खर्जातल्या आवाजालाही धक्का लागत नाही. मेनूत १६० पर्यंतचा पर्याय आहे, पण तो बोलण्यातला भारदस्तपणा खातो. लिमिटर, म्हणजे एकदम चढलेला आवाज दाबणारी सोय, चालू. ऑटो लेव्हल बंद, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. ऑटो लेव्हल चालू असला की माणूस थांबल्याबरोबर यंत्र आवाज वर खेचतं. आज्जी आठवून बोलताना सात-आठ सेकंद गप्प राहतात, त्या शांततेत पंखा आणि रिक्षा उसळून वर येतात. ते गप्प राहणंही बोलण्याचाच भाग आहे, ते शांतच यायला हवं.

चाक लावताना “हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणायला लावू नये. त्यावेळी माणूस वेगळ्याच आवाजात बोलतो. “मामा, आज न्याहारीला काय होतं?” असं विचारावं. उत्तर देताना पडद्यावरची पातळीची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचली पाहिजे. मग पॉवरचं बटण ‘होल्ड’कडे सरकवावं, म्हणजे चुकून हात लागून रेकॉर्डिंग बंद पडणार नाही.

दोन्ही यंत्रांचं अंग प्लॅस्टिकचं आहे आणि हातात धरलं की बोटांची घसघस थेट माइकपर्यंत जाते. तिपाई सर्वांत बरी. ती नसेल तर चौघडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा. चहा ज्या टेबलावर येणार, त्यावर कधीही नको. चहा आल्यावर रेकॉर्डर बंद करण्याचा मोह टाळावा, कारण मोकळं बोलणं तिथूनच सुरू होतं. फक्त रेकॉर्डर वेगळ्या स्टुलावर असावा. कपबशी ठेवल्याचा ठक्‌ असा आवाज शब्दाच्या वर बसतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून अंतर वीतभर ते दीड वीत, तोंडाच्या नेमक्या समोर नाही तर किंचित बाजूला. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा माइकवर आपटत नाही.

सुरुवातीला तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावं आणि बोलणाऱ्याची संमती तोंडी घ्यावी. शेवटी कुणीच न बोलता पाऊण मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्यावा. संपादन करताना दोन वाक्यं जोडली की मधली पोकळी या आवाजाने भरता येते. नाहीतर जोड कानाला टोचतो.

जागेप्रमाणे

कोल्हापुरात अवघड जागा तीन : गुऱ्हाळ, तालीम आणि पावसाळ्यातली पत्र्याची शेड.

गुऱ्हाळावर चरकाचं इंजिन दिवसभर थांबत नाही. एक काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरेपर्यंत दुसऱ्या काहिलीचा रस गळायला लागलेला असतो. लो कटने इंजिनाची धमधम कमी होते, पट्ट्याचा खडखडाट नाही. म्हणून मुलाखत आणि कामाचा आवाज वेगवेगळे घ्यावेत. गुळव्याशी, म्हणजे गूळ करणाऱ्याशी बोलणं शेवटची काहील वाफ्यात ओतल्यानंतर. कामाचा आवाज मात्र भर कामात, पाच मिनिटांचे दोन-तीन तुकडे : रस ओतताना, मळी काढताना, पाकाला उकळी चढताना. चुलवानाजवळची वाफ गोड असते, ती माइकच्या जाळीवर चिकटून बसते; रेकॉर्डर काहिलीवर धरायचा नाही, दोन हात लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली मानांकन मिळालं, तेव्हापासून गुळाच्या ढेपेवर बरंच लिहून झालं. पाक उतरवायची वेळ गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून, गोळी वळून ठरवतो, हेही लिहिलेलं आहे. जळव्याकडे कुणी वळत नाही. चुलवानात चिपाडं कोणत्या वेगाने सारायची, आच कधी ओढून घ्यायची, हे तो गुळव्याच्या एका हाकेवर करतो. त्या हाका रेकॉर्डिंगमध्ये आल्या पाहिजेत आणि त्यांचा अर्थ त्याच्याकडूनच विचारून घेतला पाहिजे. या कामाला बाहेरचा माइक न लावलेला एसेन्शियल सर्वांत योग्य, कारण हाक कधी येईल ते सांगता येत नाही आणि चाक फिरवायला वेळ नसतो.

तालमीत अडचण घुमाऱ्याची. गंगावेस असो वा मोतीबाग, जाड भिंती आणि उंच छत असलेल्या जागेत आवाज भिंतीवर आदळून परत येतो आणि वस्तादांचं एक वाक्य दुसऱ्यावर चढतं. मोकळ्या फरशीवर बसण्यापेक्षा हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या कडेला बसावं; माती आवाज पिते. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि रेकॉर्डरच्या पाठीमागे एकेक घोंगडं टांगलं तर फरक लगेच कानाला कळतो. अंतर वीतभरच. शड्डू आणि वस्तादांचं पुटपुटणं एकाच फाइलमध्ये हवं असेल तर एच१एनवर कसरत होते, एसेन्शियलवर होत नाही. १९१२ च्या खासबाग मैदानाच्या गोष्टी सांगणारे बरेच भेटतात. हौद्याची माती कोण मळतं, तिच्यात काय काय घालतात, थंडाईला घोटा कोण मारतं, याची उत्तरं देणारे तालमीच्या मागच्या खोलीत असतात. तिपाई तिकडे न्यावी.

पत्र्याच्या शेडीला जुलैत इलाज फक्त कॉलर माइकचा. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कुंभारांना गणेशचतुर्थीच्या आधीचे महिने श्वास घ्यायला फुरसत नसते आणि नेमक्या त्याच दिवसांत पाऊस पत्र्यावर थैमान घालतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांबद्दल बोलायचं तर लोक बोलतातही याच दिवसांत, कारण पाणी चढायला लागलं की आठवण वर येते. रेकॉर्डरचे स्वतःचे माइक अशा वेळी निरुपयोगी. माइक हनुवटीखाली वीतभर, गळ्याशी लावला तर पाऊस मागे राहतो आणि शब्द पुढे येतो. महापुराबद्दल बोलताना कुणाला भरून आलं तर यंत्राकडे हात नेण्याआधी माणसाकडे बघावं आणि विचारावं, “आक्का, थांबूया का?” उत्तर येईपर्यंत पुढचा प्रश्न नाही.

पंचगंगेच्या घाटावर वारा असतो. स्पंजची टोपी फक्त फुंकरीपुरती. घाटावर केसाळ टोपीच लागते. ती दोन्ही यंत्रांबरोबर गृहीत धरू नये, वेगळी विकत घ्यावी लागेल असं समजून पैसे धरावेत.

कॉलर माइक, आणि ती भिंतीशी बसलेली बाई

सुरुवातीच्या अडचणीवर उतारा इथे आहे. दोन कॉलर माइक घ्यायचे, एक मामांना, एक वेणी घालणाऱ्या वहिनींना. बोयाचा बीवाय-एम१ शहरात सहज मिळतो; त्याची तार ६ मीटर असते, म्हणजे बाईंना कामाची जागा सोडून पुढे यावं लागत नाही. हे महत्त्वाचं आहे. पुढे बोलावलं की हात थांबतात, आणि हात थांबले की कसबाबद्दलचं बोलणंही आटतं. ‘दाभण कुठून घालता’ याचं उत्तर हात चालू असतानाच नेमकं येतं.

या माइकच्या डबीवर एक बटण असतं : फोनसाठी एक बाजू, कॅमेऱ्यासाठी दुसरी. रेकॉर्डरला कॅमेऱ्याची बाजू लागते आणि तेव्हा डबीतला एलआर४४ सेल वापरला जातो. काम झाल्यावर बटण परत फिरवलं नाही तर पुढच्या वेळी सेल मेलेला मिळतो. दोन सेल पाकिटात ठेवावेत.

दोन माइक एका भोकात जोडताना बरीच मंडळी हेडफोनचा स्प्लिटर घेऊन येतात. तो चालत नाही. त्याने दोन्ही माइक एकमेकांत मिसळतात आणि नंतर वेगळे करता येत नाहीत. डावा माइक डाव्या वाहिनीत आणि उजवा उजव्या वाहिनीत नेणारा जोड लागतो. दुकानात “दोन मोनो माइकचा एक स्टिरिओ करणारा” असं सांगून, तिथेच हेडफोन लावून तपासून घ्यावा. एका माइकवर टिचकी मारली की आवाज एकाच कानात आला पाहिजे. असं केल्यावर मामांचा आवाज एका वाहिनीत, वहिनींचा दुसऱ्या. नंतर त्यांचा आवाज वेगळा वाढवता येतो, आणि दोघं एकदम बोलली तरी दोघांचंही वाक्य हाती लागतं.

यंत्रांची खरी उणीव इथे उघडी पडते. बाहेरचा माइक जोडला की आतले माइक बंद होतात. एका वेळी दोनच वाहिन्या मिळतात. म्हणजे दोघांच्या पुढे तिसरा माणूस आला की पंचाईत. सहा-सात जणांची बैठक एका एच१एनने टिपायची असेल तर सगळ्यांना घोड्याच्या नालेसारखं बसवावं, रेकॉर्डर नालेच्या उघड्या तोंडाशी, आणि कमी आवाजाचा माणूस मध्यावर. गोल करून बसलं तर अर्धी माणसं माइकच्या पाठीमागे जातात. दोन रेकॉर्डर असतील तर एक टेबलाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, दोन्ही सुरू झाल्यावर मध्यभागी एक जोराची टाळी. संगणकात त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवता येतात. याहून मोठ्या बैठका नेहमीच्याच असतील, तर चार वाहिन्यांचं मोठं यंत्र घ्यावं, या दोघांतलं एकही नको.

चारचौघांत ऐकवताना

तुकडा अडीच-तीन मिनिटांचा पुरे. दहा मिनिटं ऐकवलं तर लोक श्रोते होऊन बसतात, बोलत नाहीत. तीन मिनिटांनी थांबलं की मागून कुणीतरी म्हणतं, “आमच्या आईकडं वेगळं करायचे,” आणि ज्या गोष्टीसाठी खटाटोप केला ती तिथून सुरू होते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, हे सांगणारा तुकडा लावला तर माना डोलतात. पण मागे राहिलेल्या सुतारांचं, शिंप्यांचं, रंगाऱ्यांचं काय झालं, एवढा प्रश्न विचारून थांबलं तर घरातले फोटो बाहेर येतात.

मांडववाल्याच्या साउंडला जोडताना ३.५ मिमीच्या एका टोकाला दोन मोठे जॅक असलेली तार स्वतःची न्यावी, ती त्याच्याकडे असेलच असं नाही. लॅपटॉपवरून ऐकवताना चार्जर जोडलेला असला की पुष्कळदा स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. चार्जर काढावा किंवा थेट रेकॉर्डरमधून, सेलवर वाजवावं. हीच चर्चा पुन्हा रेकॉर्ड करायची तर मिक्सरमधून लाइन घेता येते, पण तो सिग्नल फार जोरकस असतो. एच१एनमध्ये चाक १-२ वर आणूनही पट्टी लाल होत असेल तर मिक्सरवरूनच पातळी उतरवायला सांगावी. आणि मिक्सरमधून फक्त माइकवर बोलणारे येतात. खुर्चीतूनच बोलणारी म्हातारी त्यात येत नाही, म्हणून दुसरा रेकॉर्डर श्रोत्यांकडे तोंड करून ठेवणं आवश्यक.

परवानगी तीन पायऱ्यांत विचारावी : संग्रहात ठेवायला, कार्यक्रमात ऐकवायला, इंटरनेटवर टाकायला. ‘हो’ एकदाच घेऊन तिन्हीला लावू नये. घरात बसून सावकाराचं नाव घेणं वेगळं आणि ते गल्लीत स्पीकरवर ऐकणं वेगळं. वाचता न येणाऱ्याला कागद मोठ्याने वाचून दाखवावा आणि तेही रेकॉर्ड व्हावं. नंतर नको वाटलं तर काढून टाकू, हे आधीच सांगावं आणि पाळावं.

उतरवून घेताना

एका तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला सराईत माणसाला चार ते सहा तास लागतात. एच१एनमध्ये वेग कमी करून ऐकायची सोय आहे, ती इथे कामाला येते. आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअरं मराठीचा पहिला खर्डा देतात, पण कोल्हापुरी बोलणं ती ‘दुरुस्त’ करतात. इथल्या बाया “मी आलो, जेवलो, बसलो” म्हणतात. सॉफ्टवेअर किंवा अतिउत्साही मुद्रितशोधक त्याचं “आले, जेवले, बसले” करतो आणि त्या बोलीचा पुरावा तिथेच मिटतो. रापी, आरी, दाभण, काहील, चुलवान हे शब्दही असेच जातात. उतरवलेल्या मजकुरात शंका आली तर कंसात वेळ टाकावी, शब्द बदलू नये. मग तो कागद बोलणाऱ्यालाच वाचून दाखवावा. चुका तोच सर्वांत लवकर काढतो.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग जागा, मग क्रमांक. माणसाचं नाव फाइलीवर नको, ते वेगळ्या वहीत. प्रती तीन : एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत. महापूर बघितलेल्या गावाला तिसऱ्या प्रतीचं कारण सांगावं लागत नाही. ती पुराच्या पातळीच्या वरच्या घरात असावी.

फोनबद्दल थोडक्यात. पैसेच नसतील तर फोन घ्या, विमान मोडवर टाका, वर सांगितलेलाच कॉलर माइक फोनच्या बाजूला लावा आणि बसा. एका माणसाच्या मुलाखतीला तो वाईट नाही. तोटा एवढाच, की बहुतेक फोन आवाज स्वतःच खालीवर करतात आणि एकच माइक घेतात. पुन्हा मामाच ऐकू येतात.

खरेदीचा हिशोब असा करावा. नवीन मंडळाने एसेन्शियल एक, कॉलर माइक दोन, बरोबर जोड एक, केसाळ टोपी एक, ३२ जीबीची कार्डं दोन, बंद कानाचा साधा हेडफोन एक. एच१एन असेल तर यंत्र तेच ठेवून बाकीचं घ्यावं. पैसे कमी पडले तर आधी यंत्र हलक्यातलं घ्यावं, पण दुसरा कॉलर माइक कापू नये.

काम झाल्यावर प्रत त्या घरी पोचली पाहिजे. १२८ केबीपीएसची एमपी३ केली तर एका तासाची फाइल ५८ एमबीच्या आसपास होते. व्हॉट्सअॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे आवाज आहे तसा जातो. ज्या घरी असा फोन नाही तिथे पेन ड्राइव्ह न्यावा, आणि पाकिटावर नावं लिहिताना मामांच्या खाली वहिनींचंही पूर्ण नाव, त्यांना विचारून, त्या सांगतील तसं लिहावं.